मोतीबिंदूच्या लाईनीत दोन तरुण

मोतीबिंदूच्या लाईनीत तरुण माणसं दोनच होती. एक मी. दुसरा तो.

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. बाकड्याच्या टोकाला तो निळा शर्ट घालून बसला होता. डोळे लाल. माझेही तसेच असणार, पण मी आरशात बघणं कधीच सोडून दिलं होतं.

"आजीसंगं आलो मी," त्यानं न विचारताच सांगितलं.

"मी मामीसोबत."

"मामी कुठं आहे?"

"आजी कुठं आहे?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी पेंगत होती. "ते काय," तो म्हणाला. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा आला, तिला धरून घेऊन गेला. जाताना तिनं ह्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"रागावली वाटतं आजी," मी म्हटलं.

तो हसला नाही. फक्त त्याचे कान लाल झाले.

आता खरं काय ते सांगते. डोळ्यांच्या खोलीला लागून आणखी एक दार आहे. त्यावर मानसोपचार अशी पाटी आहे आणि महिन्यातून एकदा तिथं बुलढाण्याहून डॉक्टर मॅडम येतात. त्या दारासमोरच्या बाकड्यावर मात्र कोणी बसत नाही. बसलं, की तुम्ही घरी पोहोचायच्या आत गावभर होतं... अमक्याच्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून मी डोळ्यांच्या लाईनीत बसायचे आणि म्हातारे नंबरासाठी रेटारेटी करायला लागले की हळूच त्या दारात शिरायचे. ही युक्ती फक्त मलाच सुचली, असा माझा समज होता.

रेटारेटी सुरू झाली. मी उठले. तोही उठला. कडीवर आमचे दोघांचे हात एकदमच पडले.

"मामीले इकडं तपासतात काय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आजीलाच विचारते ना..."

आणि मी हसले. किती महिन्यांनी हसले देव जाणे. माझी मीच दचकले.

मी मंजुश्री, गाव बीबी. पुण्यातली नोकरी सुटली तशी घरी आले आणि खोलीत शिरले ते शिरलेच. दिवसा झोप, रात्री टक्क जागी. मैत्रिणींचे फोन उचलणं बंद केलं, मग त्यांनी करणं बंद केलं. दुःख म्हणावं तर तेही नाही. काही वाटतच नव्हतं. आणि गंमत अशी, की रात्रभर माझ्या खोलीत लाईट दिसतो म्हणून बाबा अख्ख्या गावाला सांगत फिरायचे, "माही पोरगी रातभर अभ्यास करते. अधिकारी होईन पाहा." स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तर टेबलावर होतीच. ती उघडली आहेत की नाहीत, हे कोण बघायला येतंय?

त्याचं नाव प्रसेनजित. सुलतानपूरच्या फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोलीस भरतीची तयारी करत होता, थोडक्यात राहिला, पुन्हा राहिला. सोबतचे लागले. हा लोकांना टाळायला लागला आणि मग झोप ह्याला टाळायला लागली.

मॅडमनी गोळ्या दिल्या आणि दोघांनाही तोच सल्ला दिला. सकाळी ठरल्या वेळी उठायचं, उन्हात जायचं, रोज एका तरी माणसाशी बोलायचं.

"मले तर माणूसच नाही," तो बाहेर आल्यावर म्हणाला.

"मला पण नाही."

त्यानं फोन पुढं केला, मी नंबर टाकला. इतकं साधं झालं ते.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी त्याचा फोन. "उठल्या काय? बाहेर या. काय दिसून राह्यलं सांगा."

"म्हैस."

"कशी आहे?"

"तुमच्यापेक्षा बरी झोप झालेली दिसते."

"मंग तिलेच विचारा ना, कोणती गोळी घेते म्हणून!"

असलं काहीतरी. कधी तो फाट्यावरच्या पोह्यांची गाडी सांगायचा, कधी मी आमच्या परसातली शेवग्याची शेंग. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका सकाळी फोन यायला उशीर झाला आणि मी अंगणात उभी राहून चक्क घाबरले. आपल्याला काहीतरी वाटतंय, हे तेव्हा कळलं. बरं वाटलं... आणि रागही आला त्याचा.

नंतरच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच लाईनीत. या वेळी तो डोळे मिटून म्हातारा व्हायची नक्कल करत होता आणि मी तोंडावर ओढणी धरून हसत होते. अन् शेजारी कोण येऊन बसावं? आमच्याच गल्लीतली गीताबाई! मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टरचा चेहरा दिसत नव्हता म्हणे तिला, पण आम्ही दोघं तेवढे स्वच्छ दिसलो.

संध्याकाळपर्यंत बीबीभर झालं. दयारामची पोरगी दवाखान्याच्या नावाखाली एका पोराला भेटते.

बाबांनी मला समोर बसवलं. माय दारात उभी. "खरं सांग. काऊन जातं तू तिथं?"

मी विचार केला. एका बाजूला येड्याचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लफडं. लफडं परवडलं! त्यानं बाबा चिडतील, पण त्यांची अधिकारी होणारी पोरगी तरी शाबूत राहील.

"आमचं प्रेम आहे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मायकडं पाहिलं, मग मला म्हणाले, "रविवारी विहारातली वंदना झाली की बोलाव त्याले घरी."

सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. "फक्त हो म्हण. पंधरा दिवसांनी भांडण झालं म्हणून सांगू."

मग तो म्हणाला, "भांडाचं काऊन पण?"

मी फोन ठेवला.

रविवारी तो आला. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. बाबांनी घरदार विचारलं, दुकान विचारलं. मग म्हणाले, "हे पाहा, माही पोरगी रातभर जागून अभ्यास करते. तुझ्याच्यानं तिचा अभ्यास बुडाला नाही पाह्यजे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यानं नजर बाबांकडं वळवली.

"काका, तिचं तिले विचारा. माहं सांगतो. मले रातची झोप येत नाही. भरतीत राह्यलो तेव्हापासून डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं जातो, गोळ्या घेतो. लपवून तुमच्या घरात बसाचं नाही मले."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. चाललं असतं की मी गप्प बसले असते तर... सगळी बेअब्रू त्यानं एकट्यानं अंगावर घेतली होती. बाबांचा चेहरा बदलायला लागला आणि मला ते बघवेना.

"बाबा, मी पण," मी म्हटलं. "मी पण तिथंच जाते. तो अभ्यास नाही. एक पान वाचलं नाही मी. भिंतीकडं बघत बसते रात्रभर."

"आन् तो लाईट?"

"अंधारात भीती वाटते."

बाबा खुर्चीवर होते तसेच बसून राहिले. माय मात्र आत आली, माझ्या शेजारी खाली बसली. "रोज रातच्याले उठत होती मी," ती म्हणाली. "तुह्या दारापाशी येत होती. लाईट दिसे, मंग परत जात होती. अभ्यास मोडन पोरीचा म्हणून दार नाही वाजवलं व माय..."

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत. किती दिवसांचं साचलं होतं. माय पाठीवरून हात फिरवत राहिली. प्रसेनजित बिचारा जमिनीकडं बघत होता आणि बाबा चष्मा पुसत होते.

शेवटी बाबांनीच घसा साफ केला. "म्हणजे दवाखान्यासाठी जात होती. मंग हे प्रेमबिम सारं खोटंच होतं म्हणा."

"हाव," मी डोळे पुसत म्हटलं. "सांगितलं तेव्हा खोटं होतं."

प्रसेनजितनं मान वर केली. बाबा समोर आहेत, माय समोर आहे, ह्याचं त्याला काही भानच राहिलं नव्हतं.

"आन् आता?" त्यानं विचारलं.

"आता खोटं नाही," मी म्हटलं.