नानीची बोळवण

वात जरा मोठी करा, म्हणजे सांगतो. पन्नास-बावन्न सालची गोष्ट आहे, जऊळक्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. अखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा सण होता. प्रयागबाई सकाळपासून पुरण वाटत बसली होती आणि गावातल्या बाया तिच्या ओसरीवर जमल्या होत्या.

प्रयागबाई विधवा. तिची एकुलती एक पोर नानी फाल्गुनात मोतीझऱ्याच्या तापानं गेली होती. तिकडची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की पहिल्या अखाजीला त्याच्याच वयाचं कोणी तरी त्याच्या जागी पाटावर बसवायचं. त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारायची, पोटभर जेवू घालायचं. मग उंबऱ्यावर नेऊन पायांवर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, 'आता जाय.' ज्यानं हाक मारली त्यानंच हे म्हणायचं, दुसऱ्यानं म्हणून चालत नाही.

आणि नानी म्हणजे काय पोर होती! रेल्वेच्या पुलावर रुळांवरून चालत पल्याड गेली. आग्या मोहोळ झाडून आणलं. पुरात म्हशीचं शेपूट धरून नदी पार केली, नि वर हसत हसत घरी आली. तेव्हा याच बाया नाकं मुरडायच्या. आता तोंडाला पदर लावून एक जण म्हणते कशी, "लय गरीब होती वं बिचारी. मान वर करून पाह्यत नव्हती."

प्रयागबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं कायले बोलता वं? उंडगी म्हनत होत्या न तुमी तिले? उंडगीच होती माही पोर! तुमच्या साऱ्या पोरी मिळून तिच्या पायाच्या धुळीची सर नाई येत."

बायांनी पदर सावरले. पण उठली एकही नाही. पुरणाचा वास सुटला होता ना!

नानीच्या जागी बसायला कोणी आपली पोर देईना. शेवटी प्रयागबाईच्या धाकट्या जावेनं, सोजरबाईनं, मोठ्या जावेच्या धाकानं आपली काशी पुढं केली. ही काशी म्हणजे, बस म्हटलं की बसणार, ऊठ म्हटलं की उठणार. अंगणात कोंबडं आलं तरी रडणार. प्रयागबाईला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. हे मेंगळट माझ्या नानीच्या पाटावर! पण त्या वयाची दुसरी मिळेना. तिनं कपाळाला आठ्या घालूनच पात्रावळ वाढली.

"जेव, नाने."

काशीनं खाली घातलेली मान हळूच वर केली. दोन्ही हात आमरसात बुडवले, पाय लांब सोडले आणि बोटं चाटत म्हणाली, "माय, वरनात मीठ कमी हाये."

ओसरीवर सगळ्यांचे घास हातातच राहिले. आवाज काशीचाच होता... पण प्रयागबाईला काशी 'मोठी माय' म्हणायची. आणि त्या भर दुपारी, पुरणाचा वास दाबून, कडुनिंबाच्या पाल्याचा उग्र वास घरभर पसरला. नानीच्या आजारात तिच्या उशाशी ठेवत, त्या पाल्याचा.

पोर उठली, भिंतीला पाय लावून सरसर आढ्यावर चढली आणि तिथून हसायला लागली. बाया भरल्या पात्रावळी टाकून पळाल्या.

"पळा! जितेपणी बी भेत होत्या तिले!" प्रयागबाई थुंकली. ती हसत होती आणि रडतही होती.

सोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "बाई, पानी ओता... जाय म्हना तिले..."

"नाई म्हनत."

"माही काशी हाये वं ते..."

"तुही काशी? ते कधी जिती होती वं? कोपऱ्यात बसून राहे, एवढंच."

झालं. पोर प्रयागबाईकडेच राहिली. विहिरीत उड्या मारी, बोराच्या काट्यांत शिरे. सोजरबाईला 'काकी' म्हणे. सोजरबाई रोज येऊन उंबऱ्याबाहेर बसायची, आणि प्रयागबाई तिच्याकडे पाठ करून कामं उरकायची.

मग एका सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. प्रयागबाईनं पोलकं वर केलं. छातीवर बारीक, चमकत्या पुळ्या... अगदी त्याच. नानी एकटी आली नव्हती, आपलं मरण सोबत घेऊन आली होती.

दिवसभर ती उशाशी बसून राहिली. पोर कण्हत होती. बाहेर सोजरबाई उंबऱ्याला डोकं टेकून बसली होती. प्रयागबाईला पहिल्यांदाच त्या बाईकडे पाहवेना. माझी तर सरणावर जळाली, आता हिची पण जाळू? आणि नानीला तेच मरण पुन्हा भोगायला लावू?

तिन्हीसांजेला तिनं पोरीला उचलून उंबऱ्यावर बसवलं. पायांवर पाणी ओतलं. "तू कधी कोनाले भेली नाई, नाने. आता बी भेऊ नको..." तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "जाय, माही माय. आता जाय."

पोरीचं अंग सैल पडलं. दरदरून घाम फुटला आणि ताप सर्रकन उतरला. "काशे! माही काशी!" सोजरबाईनं हंबरडा फोडून तिला पोटाशी धरलं.

पोरीनं डोळे उघडले. सोजरबाईच्या खांद्यावरून तिनं प्रयागबाईकडे पाहिलं, आणि जीभ काढून वेडावलं.

प्रयागबाईच्या हातातला तांब्या गळून पडला. नानीनं उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. जा म्हटल्यावर मुकाट्यानं उठून जाणारी त्या देहात एकच होती.

बाहेर अंगणात कोणी नव्हतं. तरी दाराशीच कोणी तरी भिऊन मुसमुसत होतं.

"मोठी माय... मी कुठं जाऊ?"