पियानोतली रुसूबाई

उलटं टांगलेलं झाड पहिल्यांदा सुटलं ते थेट पियानोवर येऊन आदळलं, आणि पियानोखालून एक पुरुषी आवाज आला, "वरचा सूर जरा चढलाय… बाकी ठीक!"

शिडीवर उभ्या असलेल्या चमकीचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी भांड्याबाहेरच सांडला. एक तर झाड पडलं, त्यात खाली माणूस निघाला, आणि तो माणूस चक्क सुरांच्या तक्रारी करतोय!

झाड उलटं कशाला टांगायचं, असं कुणी विचारलं की चमकीचं उत्तर तयार असे. "नाताळचं झाड जमिनीवर उभं केलं की त्याच्याभोवती भिंती नाचतात. छताला टांगलं की त्याच्याखाली माणसं नाचतात." पार्ट्या सजवणं हा तिचा धंदा. खरं नाव तिचं तिलाच आठवत असेल-नसेल. नाताळ जवळ आला की सोनेरी चमकी तिच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीमागे अशी जाऊन बसायची, की ती गल्लीतून निघाली तर लोक घरातले दिवे मालवून तिच्या उजेडात वर्तमानपत्र वाचायचे. पटत नाही? नका पटवून घेऊ. पण तिच्या घरचं मांजरसुद्धा चमकायचं, हे मात्र मी पदरचं घालत नाही.

"लागलं का हो तुम्हाला?" तिनं वरूनच विचारलं.

"मला नाही, पियानोला. तेही मनाला." फांद्या बाजूला सारत तो बाहेर आला. हातात किल्ली, दातांत लोकरीची पट्टी, डोक्यावर सोनेरी भुकटी. "तुमच्या झाडानं एका फटक्यात बऱ्याच पट्ट्या वाजवल्या. त्यात जी बेसूर होती, ती मी सकाळपासून शोधत होतो. उपकार झाले."

"मग परत पाडू?"

"पाडा की. फक्त आधी सांगा… म्हणजे मी नीट खाली उभा राहतो."

चमकीला हसू फुटलं. हा पियानो जुळवणारा. कान असे की शेजारच्या घरातला चमचा बेसूर पडला तरी याच्या कपाळाला आठी. तिनं त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, कानसेन.

"केसांतली चमकी झटकू नका," ती म्हणाली, "उपयोग नाही. सात जन्म निघत नाही."

"एवढ्या लवकर कुणाच्या सात जन्मांचं ठरवू नये," तो म्हणाला. पण झटकली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कोटाच्या खांद्यावर ती तशीच मिरवत राहिली.

बंगला होता कप्तानीणबाईंचा. बंदरावरची शिट्टी खिडकीतून थेट दिवाणखान्यात येई. कप्तानसाहेब गेल्यापासून त्या घरात नाताळ झालाच नव्हता. यंदा बाईंनी चमकीला बोलावून एवढंच सांगितलं, "माझ्याकडची पार्टी अशी कर, की लोक जेवण विसरतील आणि मी रडणं."

मग काय, चमकीच्या डोक्यातली टाकसाळ सुरू झाली. पाहुण्यांनी भेटी आणायच्या नाहीत, घरातली एक मोडकी वस्तू आणायची. तिची गोष्ट सांगायची आणि ती झाडाला टांगायची. संत्र्याच्या चकत्या वाळवून त्यांच्या माळा खिडकीत, म्हणजे धुक्यातला पांढरा उजेडसुद्धा केशरी होऊन आत येईल. आणि शेवटी… घर अंधारं करायचं. पियानोचा एक सूर, एक दिवा. दुसरा सूर, दुसरा दिवा.

"म्हणजे वाजवायला मी," कानसेन म्हणाला.

"आणि लावायला मी."

"आणि सूर चुकला तर?"

"तर दिवा रुसेल."

"रुसणारं कुणीतरी इथे आधीच आहे." त्यानं पियानोच्या मधोमध एक पट्टी दाबली. आवाज नाही. पट्टी खाली गेली ती खालीच, गाल फुगवून बसल्यासारखी. बऱ्याच वेळानं, तिला वाटलं तेव्हा, वर आली. "ही आमची रुसूबाई."

"दुरुस्त का नाही करत?"

"केली तर इथलं काम संपेल." हे तो तिच्याकडे न बघता पियानोच्या पोटात बघून बोलला. "पार्टी झाल्यावर करीन… परत यायला काहीतरी निमित्त नको?"

चमकीनं डिंकाची बाटली उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली. 'तुम्ही'चं 'तू' त्या बाटलीच्या उघडझापीत कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी तारा ताणता ताणता तो म्हणाला, "कप्तानीणबाईंनी माझं नाव एका जहाजाला सुचवलंय. प्रवाशांसमोर पियानो वाजवायचा. नाताळच्या दुपारी सुटतंय. परत कधी, ते समुद्राला माहीत."

चमकीच्या हातातली कात्री थांबली. "हो म्हणालास?"

"अजून नाही. कुणी थांब म्हटलं… तर थांबेन."

"कुणी म्हणजे?"

"कुणीही. हा जिना म्हणाला तरी चालेल."

चमकी लगेच जिन्याकडे वळली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओरडली, "ए जिन्या, बोल रे! तोंडात काय पायऱ्या धरल्यास का?"

तो हसला. तीही हसली. जिना काही बोलला नाही.

घरी संत्र्याच्या चकत्या उलटताना तिनं हे ताईला सांगितलं. ताईनं चिमटा खाली ठेवला. "अख्ख्या गावाचे आवाज काढतेस गं बये, पण स्वतःच्या आवाजात बोलायची वेळ आली की तुझा घसा बसतो."

"बोलणार आहे गं. पार्टीत. शेवटचा दिवा लागला की, सगळ्यांदेखत."

"आणि तोवर तो गेला म्हणजे?"

"जातोय कसला! जहाज दुपारी, पार्टी संध्याकाळी. वाजवायला हो म्हणालाय म्हणजे थांबतोच आहे. त्याला फक्त ऐकायचंय, आणि मला ते झोकात सांगायचंय."

ताईनं चिमटा पुन्हा उचलला. "झोकात," ती नुसतं म्हणाली.

आता चमकीच्या कामाची एक तऱ्हा सांगायला हवी. पार्टीच्या आदल्या दिवशी ती 'कोरी पार्टी' करी. पाहुणे नाहीत, खाणं नाही, नुसत्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीत बसायचं आणि ती खुर्ची ज्याची, त्याच्या आवाजात बोलायचं. कुणाला वारा झोंबेल, कुणाचं कुणाशी बिनसेल, सगळं आधीच कळतं. नियम एकच, खुर्चीतून उठेपर्यंत सोंग सोडायचं नाही.

यंदा सोंगाला जोडीदार होता. ती निवृत्त कर्नलकाका झाली, तो त्यांच्या बहिऱ्या आत्याबाई. कर्नलकाकांनी युद्धाची गोष्ट सांगितली आणि आत्याबाईंनी दर वाक्याला "हो, माझेही गुडघे दुखतात" असं उत्तर दिलं. हसून हसून दोघांच्या बरगड्या दुखल्या.

राहिल्या खिडकीपाशी समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्या. त्या खुर्च्या म्हणजे पार्टीतला सुरुंग होता. एक कप्तानीणबाईंच्या भाचीची, दुसरी दातांच्या डॉक्टरची. डॉक्टरनं मागच्या वर्षी भाचीला विचारलं होतं आणि भाची चारचौघांत हसली होती. तेव्हापासून बोलणं बंद. बाईंचा हट्ट, की दोघांना समोरासमोरच बसवायचं.

"तू डॉक्टर," चमकी म्हणाली आणि भाचीसारखी मान वेळावून बसली. "बोला, डॉक्टर!" आवाज अगदी नाकातला, हुबेहूब.

संत्र्याच्या माळेतून आलेला उजेड त्याच्या गुडघ्यावर पडला होता, तो उजेड बोटानं सरळ करत बसला.

"तुझ्या हातांना डिंकाचा वास येतो ना…" तो हळूच म्हणाला, "तो आला, की माझं कामात लक्ष राहत नाही. मला उद्या जायचंय. जाऊ, की थांबू? एवढंच सांग… चेष्टा न करता."

सोंगाड्यांची एक खोड असते. समोरचा बोलत असतो, तेव्हा ते मनात स्वतःच्या पुढच्या वाक्याला धार लावत असतात. चमकीनं शब्द ऐकले, पण भाचीच्या कानांनी. आणि तिची धार तर केव्हाच लावून तयार होती.

"जा की मग! तुम्हाला अडवायला मी काय फाटक आहे?" ती नाकातून म्हणाली. "माझ्यासाठी थांबणारे दारापासून रांगेनं उभे आहेत. तुम्हाला आत घ्यायचं, तर त्यातल्या एकाला उठवावं लागेल… आणि तेवढे काही तुम्ही हे नाही!"

आणि ती हशाची वाट बघत राहिली.

हशा आला. थोडा उशिरा आला. तो उठला, खुर्ची नीट टेबलाखाली सारली. मग खांद्यावरची चमकी झटकली, आधी डाव्या, मग उजव्या.

"छान केलंस," तो म्हणाला. "अगदी खरं वाटलं."

चमकीनं झुकून दाद घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडीवर चढून झाडाचा दोर पक्का करत होती. बंदरावर लांबलचक शिट्टी झाली. "नाताळच्या दिवशी कुणाला एवढी घाई झालीये!" ती वरूनच म्हणाली. शिडी धरून उभ्या असलेल्या ताईनं मान वर केली, काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात चमकीनं दोर मागितला.

संध्याकाळी घर पाहुण्यांनी फुलून गेलं. एका पंखाची परी आली, लोलक हरवलेली घंटा आली, कर्नलकाकांनी चुकीच्या दिशेला बोट दाखवणारं होकायंत्र आणलं. "याच्या भरवशावर आम्ही अख्खी पलटण शत्रूच्या स्वयंपाकघरात घातली होती. जेवून आलो!" एका बाईंनी नवऱ्याचाच दंड धरून त्याला पुढे केलं. "माझ्या घरात मोडकं एवढंच आहे. कुठे टांगायचं?" झाडाखाली हशा पिकला. कप्तानीणबाई खरंच रडायचं विसरल्या होत्या.

पियानोचं स्टूल तेवढं रिकामं होतं.

"कानसेन कुठाय?" चमकीनं बाईंना विचारलं.

"तो? सकाळीच येऊन गेला की. म्हणाला, एक पट्टी राहिलीये. मी म्हटलं, पार्टीनंतर कर रे. तर म्हणे, पार्टीनंतर मी नसणार." बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "कालच होकार कळवला त्यानं जहाजावर. अगं… मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

चमकीला आधी राग आला. चांगला सणसणीत. न सांगता गेला! दिव्यांचं काय? माझं काय, हा प्रश्न तिनं दिव्यांच्या मागे लपवला आणि सरबताचा ट्रे उचलून खिडकीकडे निघाली.

पडद्याशीच तिचे पाय थांबले. पलीकडे डॉक्टर बोलत होता. खराखुरा.

"मागच्या वर्षी जे म्हणालो होतो, ते… अजून तसंच आहे. दुसरीकडे जाऊन बसू का मी?"

भाचीनं मान वेळावली नाही. आवाज नाकातूनही काढला नाही. साध्या, थोड्या घाबरलेल्या आवाजात ती म्हणाली, "बसा ना इथेच."

मग तिनं सरबतासाठी हात पुढे केला. गोरा, नाजूक हात, नखं रंगवलेली, महागड्या साबणाचा मंद सुवास. आणि चमकी त्या हाताकडे बघतच राहिली. या हाताला जन्मात कधी डिंक लागला नव्हता.

तिनं ट्रे खाली ठेवला आणि स्वतःची बोटं नाकाशी नेली. डिंक. काल कोऱ्या पार्टीत, त्या खुर्चीत, डॉक्टर बसलाच नव्हता. एकानं सोंग टाकलं होतं आणि दुसरीनं आणखी घट्ट पांघरलं होतं.

"चमके, अगं दिवे!" कप्तानीणबाईंनी हाक मारली. "घर अंधारं केलंय, सगळे ताटकळलेत. वाजव तूच काहीतरी!"

ताई काडेपेटी घेऊन पहिल्या दिव्यापाशी उभी होती. अंधारात चाचपडत चमकी स्टुलावर जाऊन बसली. पियानो तिला कुठे येत होता? तिला त्यातली एकच पट्टी ओळखीची होती, अगदी मधोमध.

'रुसून बस,' ती मनात म्हणाली. 'गप्प राहा. राहा ना गं रुसलेली.'

तिनं पट्टी दाबली.

स्वच्छ, गोल, कुठेही न अडखळणारा सूर घरभर पसरला, आणि पट्टी तिच्या बोटाखालून शहाण्या मुलीसारखी वर आली. कसली म्हणून तक्रार ठेवली नव्हती त्यानं. कसलंही निमित्त ठेवलं नव्हतं.

"वा!" लोक म्हणाले. पहिला दिवा लागला.

तिनं तीच पट्टी पुन्हा दाबली. दुसरा दिवा. पुन्हा दाबली. खिडकीतला लागला, जिन्यावरचे एकेक करत लागले, झाडातला लागला, मोडकी परी उजळली. सगळे दिवे त्या एकाच सुरावर लागले आणि लोकांना वाटलं, ही चमकीची नवीनच काहीतरी शक्कल आहे.

शेवटचा दिवा पियानोवरचा होता. ताईनं तो लावला, पण बाजूला झाली नाही. ठरल्याप्रमाणे, शेवटचा दिवा लागल्यावर, सगळ्यांदेखत, चमकी बोलली.

"थांब."

मग कर्नलकाका खदखदून हसले.

"हा कुणाचा आवाज काढलास गं, पोरी? हा काही ओळखीचा नाही वाटत!"