पुलावरची हाक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रुंद, गढूळ नदी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर नवा कोरा पूल. सिमेंटचा वास अजून गेलेला नाही. पुलावरून एक बस जाते, नव्या रंगाची. तिचा ड्रायव्हर कालपरवापर्यंत याच नदीवर होडी चालवत होता. पूल झाला, होडी बंद पडली, म्हणून त्याला बसवर घेतलं. त्याच्या मुलीला तो भिंगरी म्हणायचा, कारण ती एका जागी बसेल तर शपथ!

होडीवर भिंगरीच्या बाबांचा एक नियम होता. दोर सोडण्याआधी ते काठाकडे तोंड करून मोठ्यांदा विचारत, "कोणी राहिलंय का?" कुणी "राहिलोय" म्हटलं, की तो माणूस येऊन बसेपर्यंत होडी हलायची नाही. मग ऊन असो की वारा.

बसच्या पहिल्या दिवशीही त्यांनी तशीच हाक दिली. सगळी बस खो खो हसली.

"अहो काका, बसला घंटी असते," कंडक्टर म्हणाला. "वल्हीबिल्ही आणली नाहीत ना बरोबर?"

बाबा ओशाळले. पुन्हा त्यांनी हाक दिली नाही.

त्याच आठवड्यात बस भर दुपारी पुलाच्या मधोमध थांबली. इंजिनात काही बिघाड नव्हता. मग ती हळूच डावीकडे कलली, पाण्यातून कुणी होडीची कड धरून आत चढावं तशी. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली. मागचा बाक ओला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बस जास्त कलली. लोक पुढे दाटीवाटीने उभे राहू लागले. मागे कुणी बसेना. कंडक्टरचे विनोद आटले.

बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "होडीतून उतरताना मी कधी मागे वळून बघितलं नाही," एकदा ते म्हणाले. "कोण कोण येत होतं, देव जाणे."

"बाबा, नका जाऊ उद्या."

"मग खायचं काय, भिंगरे?"

म्हणून सकाळची शाळा सुटल्यावर भिंगरी स्वतःच बसमध्ये चढली आणि बाबांच्या पाठीमागे दांडा धरून उभी राहिली.

पुलाच्या मध्यावर बस थांबली. कलली. मागे कुणीतरी ओले कपडे पिळल्यासारखा आवाज आला.

मग पुलाखालून हाक आली.

"कोणी राहिलंय का?"

आवाज बाबांचाच होता. बाबा मात्र समोर बसलेले, तोंड मिटलेलं.

बाबांचे हात चाकावरून सुटले. उत्तर द्यायला त्यांचे ओठ उघडले. जो उत्तर देईल त्याला जावं लागणार, हे भिंगरीला लख्ख कळलं. तिने दोन्ही हातांनी बाबांचं तोंड दाबून धरलं.

पुन्हा हाक आली.

तिच्या तळव्याखाली ओठ थरथरले, पण शब्द फुटला नाही.

"राहिलोय," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. तोही बाबांचाच आवाज.

बस सरळ झाली. इंजिन सुरू झालं.

पलीकडच्या काठावर माणसं भराभर उतरली. बाबांनी बस वळवून उभी केली. भिंगरी त्यांना बिलगली. सुटलो, असं तिला वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता.

"काका, निघायचं ना?" कंडक्टरने घाबरत विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी नुसतं भिंगरीकडे बघितलं, मग नदीकडे.

भिंगरी दाराच्या पायरीवर उभी राहिली. होडीवर बाबा घ्यायचे तसा तिने मोठा श्वास घेतला.

"कोणी राहिलंय का?"

वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं.

"राहिलोय गं, भिंगरे," पुलाखालून बाबा म्हणाले.

तिने मागे बघितलं. चाकामागे बसलेला माणूस समोर बघत होता. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

भिंगरीला नियम पाठ होता. ती पायरीवरून खाली उतरली आणि काठावर बाबांची वाट बघत उभी राहिली.