सर्वांना परवानगी

पणजोबा टपालाच्या थैल्या खांद्यावरून वाहत, आजोबा तारमास्तर होते आणि आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. निरोप पोहोचविण्याचा हा वसा चौथ्या पिढीत लेकीने उचलला होता. घरोघरी आणि कचेऱ्यांतून ती संगणकांची जाळी जोडून देई. आईच्या आवाजाची सर मात्र तिच्या कोणत्याही जोडणीला नव्हती. तो आवाज सगळे शहर ओळखे. बँकेच्या रांगेत आईने नुसते "जरा सरका" म्हटले, तरी मागचा एखादा म्हातारा विचारी, "तुम्ही एक्सचेंजच्या ना हो?"

तो आवाज आता एका रात्रीचाच सोबती होता. आईच्या घशात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती आणि स्वरयंत्र काढावे लागेल, असे सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितले होते. म्हणून लेकीने आईला रोज संगणकासमोर बसवून नित्याच्या वापरातले सारे शब्द बोलून घेतले होते. एकेका शब्दाची एकेक फाइल. या फाइली टॅबलेटमध्ये गेल्या, की आईने पडद्यावरच्या शब्दाला बोट लावायचे आणि टॅबलेटने तिच्याच आवाजात बोलायचे.

फाइली जात नव्हत्या. भर दुपारी, बैठकीच्या खोलीत, संगणक टेबलावर आणि टॅबलेट मांडीवर घेऊन लेक बसली होती, आणि एका छताखालची ती दोन यंत्रे एकमेकांना ओळखसुद्धा दाखवीत नव्हती.

"अख्खं शहर जोडून दिलं मी," सोफ्यावरून आई म्हणाली. "तुला दोन डबे जोडता येईनात?"

"टॅबलेट पाहुण्यांच्या वायफायवर होता, आई. आता घरच्यावर घेतलाय. हे बघ, दिसायला लागला."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"परवानगीवर. हा फोल्डर फक्त मालकालाच उघडतो." तिने 'फक्त मालक' काढून 'सर्वांना' निवडले.

आईने चष्मा सावरून वाचले. "सर्वांना? म्हणजे कोणाकोणाला?"

"घरातल्या सगळ्यांना."

"असं सरसकट बोलावू नये. कोण बोलतंय ते विचारल्याशिवाय मी कधी लाइन दिली नाही."

"घरात आपण दोघीच तर आहोत," लेक हसली, आणि तिने कॉपीचे बटण दाबले.

हिरवी पट्टी सरकू लागली. निःश्वास टाकून आई स्वयंपाकघरात गेली. पट्टी अर्ध्यावर आली, तरी टॅबलेट रिकामाच होता. लेकीने संगणकात पाहिले, तर तिथली यादीही आक्रसत चालली होती. नक्कल केल्याने मूळ हलत नाही, हे तिच्या धंद्यातले बाळकडू. तिने घरात जोडलेली उपकरणे तपासली. संगणक. टॅबलेट. आणि त्याखाली एक तिसरी ओळ, नाव नसलेली.

शेजाऱ्याने पासवर्ड लाटला असणार, म्हणून तिने पासवर्ड बदलला. ओळ जागची हलली नाही. ते उपकरण वायफायवर नव्हतेच; राउटरच्या म्हणण्याप्रमाणे ते वायरने जोडलेले होते. तिने राउटर हातात घेऊन फिरवला. पहिल्या खाचेत संगणकाची वायर होती. चौथ्या खाचेत नुसती धूळ होती, आणि त्या खाचेवरचा दिवा लुकलुकत होता.

"अगं, मला जरा ते दे." आई दारात उभी होती, हातात मोकळा पेला. "ते गं. पितो ते."

"पाणी?"

"तेच. वय झालं बाई माझं."

लेकीने यादीत 'पाणी' शोधले. नव्हते. तिच्या डोळ्यांदेखत 'खिडकी' गेली.

"आई, ते काय आहे?" तिने खिडकीकडे बोट केले.

आईचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"आणि तू उभी आहेस ते?"

"दार," आई खणखणीत म्हणाली, आणि पडद्यावरून 'दार' गेले. आईने पुन्हा तेच म्हणायला तोंड उघडले. ते उघडेच राहिले.

लेकीने संगणकाची वायर उपटली. यादी आक्रसतच राहिली. तिने राउटरचा प्लग काढला. सगळे दिवे विझले. चौथा विझला नाही.

आईने त्या दिव्याकडे बराच वेळ पाहिले. मग सोफ्यावर ताठ बसून, उरलेल्या शब्दांतून वाट काढीत ती बोलू लागली.

"लहानपणी मी मुकी होते. माझी थोरली बहीण माझंही बोलायची. रात्री ती गेली. सकाळी मी बोलले. सगळे दचकले. आवाज तिचा होता."

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तिचं आहे. मागतेय. दे."

"उद्यापासून तुझं काहीच उरणार नाही, आई!"

"उसनं मी ठेवत नाही," आई म्हणाली. त्या स्वरापुढे घरात आजवर कोणाची बोलण्याची टाप नव्हती.

ते शब्दही गेले.

यादीत एकच फाइल उरली. 'पोरी'.

लेकीने दोन्ही तळवे पडद्यावर दाबून धरले. "हा एक राहू दे. एवढा एकच."

आईने तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"पोरी," ती म्हणाली.

फोल्डर रिकामा झाला.

सकाळी सर्जन ठरल्या वेळेच्या फार आधी बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाठ नाही," तो म्हणाला. "कापण्यासारखं काही नाहीच. घसा लख्ख आहे."

लेक भिंतीला टेकली.

"परवा या माझ्यावर केवढ्या डाफरल्या होत्या, तुम्ही होतात ना तिथे? मी स्वतः ऐकलंय ना?" त्याने आवाज उतरवला. "त्या स्वरतंतूंतून आजवर एक शब्दही गेलेला नाही. आणि ते तुमच्या आईच्या वयाचे नाहीत, बाई. लहान मुलीचे आहेत."

आत आई शुद्धीवर आली होती. लेकीला पाहताच तिने दोन्ही तळहात उघडून दाखवले, सगळे देऊन झाल्यावर दाखवतात तसे.