तळातलं पाणी

त्या दुपारी मी फक्त एक बॅग पोचवायला गेलो होतो. आमच्या पायलटची. अपघाताला दोन महिने झाले तरी ती हँगरमध्ये खुंटीला तशीच लटकत होती. साहेब म्हणाले, "तू त्याच्या घरचाच. तूच दे नेऊन."

मी विमानं दुरुस्त करणारा माणूस. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आधी ऐकून घ्या, मग खुशाल हसा.

आमच्याकडे उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतात. पाणी शिरलं असेल तर ते खाली बसतं, मधे रेघ दिसते. त्या सकाळी धुकं होतं, मला घाई होती. रेघ नव्हती. "स्वच्छ आहे, जा," मी म्हणालो. तो गेला. मग बाटली ओतताना लक्षात आलं, पेट्रोलचा वासच नाही. अहो, रेघ दिसणार कुठून? बाटलीत सगळं पाणीच होतं! मी धावत बाहेर आलो, तोवर विमान झाडांच्या वर पोचलं होतं आणि इंजिनचा आवाज थांबला होता.

तो एकटाच होता. त्याच्यासकट सगळं जळून गेलं. अहवालात आलं, इंजिन बंद पडल्यावर पायलटने धावपट्टीकडे मागे न वळता सरळ समोर उतरायला हवं होतं, चूक त्याची. मी तोंडातून ब्र काढला नाही.

त्या दुपारी त्याच्या घरी वहिनींनी दार उघडलं. टेबलावर चहाचे दोन कप होते.

"बसा भाऊजी. हे आत्ताच उठून आत गेले."

बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, मला वाटलं. पण दुसरा कप अर्धा प्यालेला होता, आणि त्यातून वाफ येत होती. खोलीत जळक्या पेट्रोलचा वास भरला होता. तो वास मी ओळखतो.

"रोज... येतात?"

"रोज. बोलत नाहीत. दाराकडे बघत बसतात... कोणी यायचं असल्यासारखे."

मग मात्र राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. बाटली, धुकं, घाई, सगळं.

"चूक माझी होती वहिनी, त्याची नव्हती. उद्याच साहेबांना लिहून देतो."

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. वास एकदम नाहीसा झाला. वहिनी धावत आत गेल्या आणि हळूहळू बाहेर आल्या.

"कशाला सांगितलंत हो?" त्यांना रडू आवरेना. "तेवढ्यासाठीच तर येत होते ना ते... आता या घरात मी कोणाशी बोलू?"

मी बॅग ठेवली, खाली आलो, स्कूटर सुरू केली. वर पाहिलं तर वहिनी खिडकीत उभ्या होत्या. डोळे पुसत हात हलवत होत्या.

मीही हात वर केला. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या... त्यांची नजर माझ्या मागच्या सीटवर होती.