जास्तीचे दोनशे ऐंशी मीटर

हर्षदाने टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे वाचले आणि तो टायर सरळ पुंजाकाकांच्या पायाशी लोटून दिला.

"पाच वर्षांपूर्वीचा आहे हा. नको."

जव्हारच्या एसटी डेपोजवळच्या पुंजाकाकांच्या टायरच्या दुकानात तिने नाकारलेला हा तिसरा संच. पहिल्यावर वेगमर्यादेचं अक्षरच चुकीचं होतं, ताशी दोनशे दहा किलोमीटरच्या वर त्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्यातल्या एका टायरचं पंक्चर कुणीतरी काढून वरून बेमालूम घासून ठेवलं होतं. आणि हा तिसरा, दिसायला कोरा करकरीत, आतून वाळलेला.

"ताई, टायर निवडतेस की जावई?" धनेश वैतागून म्हणाला.

धनेश तिचा धाकटा भाऊ. घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून त्याने पाइपांची, जमिनीला चिकटून धावणारी, एकाच माणसाची गाडी बांधली होती. पुढच्या महिन्यात एका बंद धावपट्टीवर तो तिच्यात बसून सरळ रेषेतल्या वेगाचा विक्रम करायला निघाला होता. हर्षदाने नाशकात आठ वर्षं टायर तपासायचं काम केलं होतं. भर वेगात टायर फाटलेल्या गाड्या तिने जवळून पाहिल्या होत्या. तिची सही झाल्याशिवाय गाडी धावणार नाही, ही अट तिनेच घातली होती आणि त्यावरून घरात रोज भांडण होत होतं.

चौथा संच आला तो मात्र निर्दोष होता. तिने त्याच्या खाचा घासून निम्म्या करून घेतल्या, म्हणजे वेगात रबर उडायची भीती कमी.

चाचणीसाठी जामसरच्या पुढे पठारावरचा नवा रस्ता तीन दिवस सकाळपुरता मिळाला होता. वाहतूक अजून सुरू व्हायची होती. चार किलोमीटर, दोरी ताणल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं आणि मधोमध मोहाचं एक झाड. सगळ्यात जवळचा पाडा दरीच्या पलीकडे. हर्षदाने टेपने मोजून दोन किलोमीटर चारशे मीटरच्या अंतराने चुन्याच्या दोन रेषा मारल्या. चाकाचा एक फेरा दोन मीटरचा. म्हणजे रेषेपासून रेषेपर्यंत बाराशे फेरे. फेरे मोजणारं यंत्र तिने पुढच्या दोन्ही चाकांना लावलं.

पहिल्या सकाळी धनेशने एकशे चाळीसने गाडी नेली. बासष्ट सेकंद. अगदी हिशेबात.

यंत्रावर डाव्या चाकाचे फेरे होते तेराशे अडतीस, उजव्याचे तेराशे त्रेचाळीस.

"भंगार आहे तुझं यंत्र," धनेश म्हणाला.

तिने दोन्ही यंत्रं बदलली. पुन्हा तेच आकडे. तिने चाकांची अदलाबदल केली, तारा बदलल्या, पुन्हा टेप लावली. ऊन चढलं, डोकं दुखायला लागलं. पुन्हा तेराशे अडतीस आणि तेराशे त्रेचाळीस. चाक घसरून फिरलं असतं तर आकडा दर वेळी वेगळा आला असता.

घरी येऊन तिने चिडचिड करत कागदावर मांडून पाहिलं. साधारण दोनशे ऐंशी मीटर जास्तीचे. डाव्या चाकापेक्षा उजव्याला पाच फेरे जादा. गणिताचं उत्तर एकच निघत होतं: सरळ रस्त्यावर गाडीने डावीकडे वळत कशाभोवती तरी एक पूर्ण चक्कर मारली होती. त्या वेगात एवढ्या लहान गोलात वळवली तर गाडी पाव चकरेतच उलटते. शिवाय जास्तीचा एक सेकंदही लागला नव्हता.

तिने कागद चुरगळून टाकला.

दुसऱ्या सकाळी पुंजाकाकाही सोबत आले. धावून आलेल्या उजव्या टायरच्या झिजलेल्या बाहेरच्या कडेवरून त्यांनी तळहात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"वळलाय हा. चांगला आवळून वळलाय."

"काका, तुमच्यासमोर सरळ आला ना तो?"

"आला खरा," काका म्हणाले आणि हात पँटीला पुसत बाजूला झाले.

"स्टिअरिंग हललंसुद्धा नाही," धनेश ओरडला. "आता टायरवर विश्वास ठेवायचा की माझ्यावर?"

हर्षदा वाकून बघत होती. टायरच्या खाचेत बारीक, तांबूस दाणे घट्ट बसले होते. तिने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन काढून तळहातावर घेतले. नागली. दिवाळीच्या सुमारास निघणारी नाचणी, आणि ती एप्रिलात, डांबरावर.

मोहाच्या झाडाखाली हौशी नावाची म्हातारी फुलं वेचत होती. दोन्ही दिवस ती तिथेच होती. टोपली काखेत घेऊन ती जवळ आली.

"त्याला सांग बाय, हळू हाक. अंगणातून जातो तो. नागली वाळत घातलीय."

"कुणाच्या अंगणातून? इथे घर कुठे आहे, आजी?"

हौशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हर्षदा दिवसाढवळ्या आंधळ्याचं सोंग करतेय. मग ती झाडाकडे परत गेली.

त्या संध्याकाळी हर्षदाने सही करायला साफ नकार दिला. धनेशने जेवण टाकलं. "लोकांना काय सांगू? नागलीमुळे रद्द केलं म्हणून?" या प्रश्नाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिसऱ्या, शेवटच्या सकाळी तिने धनेशच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

"मी नेते. तीसने."

ती गाडीत शिरली. दोन्ही बाजूंची खाचरं सावकाश मागे सरकली. मोहाचं झाड आलं, गेलं. रस्ता सरळ होता. तिने कुठेही ब्रेक लावला नाही, कुठेही वळली नाही. दुसरी रेषा ओलांडल्यावर तिने गाडी थांबवली तेव्हा धनेश घड्याळ दाखवत होता. चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

डावं चाक बाराशे. उजवं बाराशे.

तिला हसावं की रडावं कळेना. दोन दिवस डोकं फोडून घेतलं ते कशासाठी? तिने सही केली. धनेशने दोनशे वीसने गाडी नेली. टायर गरम, कडा स्वच्छ, हवा बरोबर. बाराशे आणि बाराशे. पुंजाकाकांनीही हात फिरवून मान हलवली. धनेशने तिला मिठी मारली आणि गाडी टेम्पोवर चढवायला धावला.

हौशी टोपली भरून घराकडे निघाली होती. हर्षदापाशी ती थांबली. आज तिचा चेहरा मोकळा होता.

"बरं केलंस बाय. अशी जाऊन बसलीस, पाणी प्यालीस. तिला बरं वाटलं."

"कुणाला?"

"जिच्या घरी गेलीस तिला."

"आजी, मी थांबलेच नाही कुठे."

हौशी हसली. "आता नाय ती अडवणार त्याला," म्हणाली, आणि बांधावरून उतरून गेली.

हर्षदा तिथेच उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. घसा कोरडा पडायला हवा होता.

पडला नव्हता.

पायांना मात्र मघापासून गारवा लागत होता. टेम्पोच्या फळीवर बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या.

बूट कोरडे होते. त्यांच्या तळांना नुसती डांबराची धूळ.

आतल्या पांढऱ्या मोज्यांचे तळवे ओले होते. बोटांपासून टाचेपर्यंत, नुकत्याच सारवलेल्या शेणाने हिरवे झालेले.