अकरावं बाक

सरकारने दलदलीचं पाणी वळवून नेलं त्याला दुसरा उन्हाळा लागला, तरी जहरून होड्या बांधायचा थांबला नव्हता. कलात सालेहच्या बाजारात लोक त्याला वेडा म्हणत. म्हणोत बापडे. पाच पिढ्यांचा धंदा काही एका हुकमाने सुटत नाही.

गिऱ्हाईक आलं तेही ऐन दुपारी. उंच, अनवाणी माणूस. त्याने दहा वल्हेकऱ्यांची, उंच डोलकाठीची होडी सांगितली आणि कुश्ता, म्हणजे हातावरचा शब्द, दिला. मंदाई पंथाच्या माणसांनी हातात हात दिला, मग आपापला हात ओठांना लावला, की शब्द पक्का. तो जीव गेला तरी मोडायचा नसतो.

जाताना तो म्हणाला, "बाकं मात्र अकरा ठेव."

"अकरावं कोणासाठी?"

तो केव्हाच उन्हात चालू लागला होता.

संध्याकाळी बायकोला, अन्हारला, जहरूनच्या ओठावर टपोरा फोड दिसला. "तंदूरचा मुका घेतलात का?"

"त्याच्या हातात दिलेला हात ओठाला लावला, एवढंच."

"दहा वल्हेकरी, उंच डोलकाठी. अहो, अशी नाव एकट्या शामिशची, सूर्यदेवाची, आभाळात फिरणारी. आपण उत्तरेकडे तोंड करून प्रार्थना करणारी माणसं. सूर्याचं गिऱ्हाईक कुठून गाठलंत?"

ती हसली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून होडीला लावायचं डांबर तीच तापवायला बसली.

होडी पुरी होत आली तेव्हा गावावर नेमलेला सरकारी कॅप्टन दारात उभा राहिला. पाणी परत आलं तर लोकांनी निसटून जाऊ नये म्हणून त्याने गावातल्या सगळ्या होड्या जाळल्या होत्या. एवढीच उरली होती.

"उद्या दुपारी येतो. तोवर जाळून टाक. नाहीतर मी जाळीन, घरासकट."

"शब्द दिलाय, साहेब."

"कोणाला?"

"ज्याची होडी आहे त्याला."

"पाण्याचा थेंब नाही, आणि म्हणे होडी!" कॅप्टन म्हणाला आणि निघून गेला.

जहरूनला भीती वाटलीच. तरी त्याने रात्रीतून डांबराचा शेवटचा हात दिला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दोन शिपाई घेऊन आला. जहरून होडीला पाठ लावून उभा राहिला. शिपायांनी त्याला बाजूला ओढलं. कॅप्टन रॉकेलचा डबा घेऊन स्वतःच होडीत चढला, सगळीकडे रॉकेल शिंपडलं आणि शेवटच्या बाकावर बसून काडी ओढली.

काडी पेटली नाही. दुसरीही नाही.

"ओली झाली," तो पुटपुटला.

होडीच्या तळाला काहीतरी थपथपलं. खाली तडकलेली, ठणठणीत कोरडी जमीन होती.

"बाहेर ओढा मला," कॅप्टन म्हणाला. आवाज अगदी बारीक होता.

ऊन एकदम एवढं वाढलं की सगळ्यांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा अंगणात फक्त रॉकेलचा डबा होता, सरळ उभा.

शिपाई पळाले ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्हार चादर वाळत घालत होती. पांढऱ्या कापडावरून एक लांबट सावली सरकत गेली. तिने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

तिने बोटाने सावलीतली डोकी मोजली.

"अकरा वल्हवतायत," ती म्हणाली. "शेवटच्याच्या डोक्यावर टोपी आहे. त्याला नीट वल्हवता येत नाहीये. सारखा मागे वळून आपल्याकडे बघतोय."

"शिकेल," जहरून म्हणाला, आणि त्याने पुढच्या होडीची फळी तासायला घेतली.